ड्रायव्हर सर्वोत्तम, आवाज बंद

माझे साउंड कार्ड म्हातारे असले तरी धडधाकट होते, आणि अपडेट येईपर्यंत त्याच्याविषयी कोणाचीही तक्रार नव्हती. अपडेट झाले, संगणक पुन्हा सुरू झाला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या नावाशेजारी पिवळा त्रिकोण येऊन बसला. तपशिलात लिहिले होते : कोड ३९, ड्रायव्हर (म्हणजे कार्ड आणि संगणक यांच्यातला दुभाषी प्रोग्राम) बिघडलेला असेल किंवा हरवलेला असेल. नक्की काय ते संगणकाला ठाऊक नव्हते. म्हणून मी मुकाट्याने नवा ड्रायव्हर शोधायला सांगितले, तेव्हा बराच वेळ शोधाशोधीचा देखावा करून त्याने कळवले की या उपकरणासाठीचा सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे. जो बिघडलेला किंवा हरवलेला आहे, तोच सर्वोत्तम! मागील ड्रायव्हरकडे परतण्याचे बटण होते, पण राखाडी. म्हणजे पाहायचे, दाबायचे नाही.

या कडकपणामागे कारण आहे, हे मला मान्य करावे लागते. असा ड्रायव्हर थेट कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात वावरतो आणि तिथे त्याचा पाय घसरला की अख्खा संगणक निळा पडतो. म्हणूनच २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टाच्या ६४-बिट आवृत्तीपासून विंडोज डिजिटल सही नसलेल्या कर्नेल ड्रायव्हरला दारात उभे करत नाही, आणि पुढे आलेली मेमरी इंटिग्रिटी ही विंडोजची सुरक्षा-सोय तर सही असलेल्यांनाही, त्यांची जुनी घडण नियमात बसत नसेल, तर परत पाठवते. घरच्यांनाही सवलत नाही : विंडोजबरोबरच येणारा अ‍ॅगेर मोडेमचा ड्रायव्हर सुरक्षेतील त्रुटीमुळे ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटने काढूनच टाकला आणि त्यावर विसंबलेले फॅक्स मोडेम मुके झाले. (फॅक्स वापरणाऱ्यांचा आक्रोशही बहुधा फॅक्सनेच जायचा असावा.)

नियमात बसणारा ड्रायव्हर लिहायचा कोणी? अर्थातच कार्डाच्या उत्पादकाने. त्याच्या संकेतस्थळावर माझे कार्ड ‘सेवा समाप्त’ या यादीत सापडले आणि शेजारीच नव्या कार्डाची जाहिरात होती, ज्याची सही अगदी ताजी होती.

शेवटी पेनड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स सुरू केले. तिथे जुन्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नेलबरोबरच आलेला असल्यामुळे आवाज पहिल्याच झटक्यात खणखणीत आला. वायफाय मात्र चालेना, कारण ते कार्ड त्या कर्नेलच्या मानाने फारच नवे होते.