संताजीचा संताजी

रात्रीचे साडेअकरा झालेत, एसटीनं अंग आंबलंय, तरी हे लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

आज गावाकडं धाकट्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. पंगतीत माझ्या भाचीला कुणीतरी विचारलं, एमएस्सी झाल्यावर पुढं काय? ती म्हणाली, माकडं आणि वानरांच्या जीनोमवर, म्हणजे त्यांच्या अख्ख्या डीएनएवर, काम करायचंय, कुठला वंश कधी वेगळा झाला ते त्यावरून कळतं. आमचे थोरले चुलते आण्णा भातावर लिंबू पिळत होते. मान वर न करता म्हणाले, "माकडाची वंशावळ काढून तुला पगार कोण देणार हाय गं? मारुती?" पंगत हसली. वाढपीसुद्धा हसले. लगेच एका पाहुण्यानं ते ठरलेलं वाक्य टाकलं, माणूस माकडापासून झाला तर मग माकडं अजून कशी काय शिल्लक? परत हशा. पोरगी खाली मान घालून जेवत राहिली.

आणि मी, घरची थोरली आत्ती, गप्प बसले. निम्मा राग त्याचा आहे.

उरलेला निम्मा आण्णांवर. कारण हेच आण्णा हेळवी दारात आला की अंगणापर्यंत सामोरे जातात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडं कोल्हापूर-सांगली भागात हेळवी येतो. पूर्वी बैलावरून यायचा, आता मोटारसायकलवरून. त्याच्याजवळ घराण्याची चोपडी असते. मूळपुरुषापासून सगळी नावं तो वाचून दाखवतो, नवीन जन्मलेल्यांची चढवून घेतो, आणि धान्य, टॉवेल-टोपी, पैसे घेऊन पुढच्या घरी जातो. आण्णा त्याला कधी विचारत नाहीत, तुला पगार कोण देतो रे?

मी नऊ-दहा वर्षांची असताना हेळवी आला होता तो दिवस मला लख्ख आठवतो. सोप्यात घोंगडं अंथरलेलं, आज्जा मांडी घालून बसलेला. हेळवी सुरात वाचत होता, रामजीचा संताजी, संताजीचा संताजी, संताजीचा मालोजी. आज्जानं थांबवलं. बापाचं आणि पोराचं नाव एकच कसं? हेळव्यानं परत वाचलं, तसंच होतं. बाबा हसले, म्हणाले, जुनी चोपडी फाटली तेव्हा नवीन उतरवताना कुणीतरी एक ओळ दोनदा लिहिली असणार.

पुढं दोन वर्षांनी गडहिंग्लजकडं एका लग्नाला गेलो. तिथं आमच्याच आडनावाची माणसं, पण भावकी आहे की नाही याची खात्री कुणालाच नव्हती. त्यांचा हेळवी वेगळा, चोपडी वेगळी. ती वाचायला घेतली आणि त्यातही तेच आलं, रामजीचा संताजी, संताजीचा संताजी. आज्जानं मांडीवर थाप मारली, "आपलंच घर!"

लक्षात घ्या, रामजी, मालोजी ही नावं कुठल्याही घरात सापडतील. त्यानं काहीच सिद्ध होत नाही. पण चूक? तीच चूक, त्याच जागी? ती दोन हेळव्यांनी आपापली केलेली नसते. दोन्ही चोपड्या एकाच जुन्या चोपडीवरून उतरलेल्या असतात.

माझी भाची जे शिकते त्याचा गाभा एवढाच आहे हो! आण्णांना हे माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं, त्या लग्नात ते आज्जाच्या शेजारीच बसले होते.

त्या लिंबाचंच घ्या. आपल्याला क जीवनसत्त्व खावं लागतं. कुत्र्याला, बैलाला लागत नाही, ते अंगातच तयार करतात. त्यासाठी लागणारं जनुक आपल्यातही आहे, पण मोडकं. मधले तुकडे गळालेले. माकडांत, चिंपांझीत तेच जनुक मोडकं आहे. दक्षिण भारतातल्या त्या मोठ्या डोळ्यांच्या लोरिसच्या घराण्यात आणि मादागास्करच्या लेमूरमध्ये मात्र ते चालतं, कारण ती शाखा त्याआधीच वेगळी निघाली. गिनी पिगचंही तेच जनुक निकामी आहे, पण त्याच्यातला बिघाड वेगळा, त्याच्या घरात स्वतंत्र झालेला. म्हणजे आण्णा ज्या कारणानं लिंबू पिळत होते ते कारण आमच्या संताजीसारखंच आहे, उतरवताना झालेली चूक, आणि ती पुढं सगळ्या भावकीत गेलेली.

दुसरं. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांची गुणसूत्रं ४८, आपली ४६. दोन गेली कुठं? गेली नाहीत. दोन वेगळी गुणसूत्रं टोकाला टोक लावून जोडली गेली आणि आपलं दोन नंबरचं गुणसूत्र झालं. गुणसूत्राच्या शेवटी डीएनएच्या अक्षरांची एक ठरावीक माळ असते, ती आपल्यात भलतीकडंच, मध्यावर सापडते. १९९१ साली हे दाखवलं गेलं. दोन चोपड्या एकत्र शिवल्या की मध्येच पुठ्ठा लागणार, दुसरं काय!

आपली शेपूट गेली त्याचंही असंच. एका जनुकात दुसरीकडचा एक तुकडा येऊन घुसला, तो सगळ्या वानरांत, म्हणजे गिबनपासून आपल्यापर्यंत, त्याच जागी आहे आणि शेपटीच्या माकडांत नाही. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ज्या संशोधकानं शोधलं त्याला शेपूट कुठं गेली हा प्रश्न पडला तो स्वतःचं माकडहाड दुखावल्यावर. माकडहाड! आपल्या भाषेनं तर नावच ठेवून दिलंय, तरी आम्ही विचारणार पुरावा कुठाय.

आणि त्या पाहुण्याला मला हे म्हणायचं होतं (पंगतीत सुचलं नाही, नेहमीप्रमाणे एसटीत सुचलं): आपण गडहिंग्लजच्या भावकीपासून झालो का? मग ती माणसं अजून शिल्लक कशी? अहो, आपणही संताजीचे, तेही संताजीचे. आजचं माकड आपला आजा नाही, ते चुलत घर आहे. अडीच कोटी वर्षांच्या पलीकडं कुठंतरी वाटणी झाली. चिंपांझीबरोबरची तर साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीची. त्या मानानं कालची.

२०१८ साली एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत म्हटलं होतं की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलंच नाही. संताजीला तरी कुणी पाहिलंय? २०२३ साली केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला. आमच्या पोरीनं राज्य मंडळाच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' शिकून ही वाट धरली, म्हणून वाचली म्हणायची.

बरं, काही गोष्टी मान्य करते, नाहीतर खाली कमेंटमध्ये येऊन शिकवाल. माणूस आणि चिंपांझी नव्व्याण्णव टक्के सारखे, हे वाक्य थोडं फसवं आहे. समोरासमोर ठेवता येतो त्या भागात शंभरात एखादंच अक्षर वेगळं, पण गळालेल्या-वाढलेल्या ओळी धरल्या तर फरक बराच वाढतो. आणि प्रत्येक पानावरून एकच वंशावळ निघत नाही हेही खरं. २०१२ मध्ये गोरिलाचा जीनोम वाचला तेव्हा दिसलं की जवळपास तीस टक्के भागात माणूस-चिंपांझी ही सगळ्यात जवळची जोडी नाहीच. वाटणीत आजीची नथ थोरल्या सुनेऐवजी भलत्याच घरी जाते, तसं. म्हणून थोरल्या सुनेचं नातं तुटत नाही.

पगाराचंही सांगते. २०२३ मध्ये २३३ जातींच्या आठशेवर माकडं-वानरांचे जीनोम एकत्र प्रसिद्ध झाले. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-रेणूंवरच्या संशोधन संस्थेची माणसंही त्यात होती. त्याचा एक उपयोग असा: एखाद्या आजारी लेकराच्या रिपोर्टमध्ये बदललेलं अक्षर सापडलं, आणि तेच अक्षर माकडांच्या एखाद्या जातीत सर्रास आढळत असेल, तर बहुतेक ते निरुपद्रवी, आजाराचं मूळ दुसरीकडं शोधा. पण हे सांगावं लागतं याचाही मला राग येतो. हेळव्याकडं कुणी उपयोग मागत नाही. आपण कुणाचे हे ऐकायला माणूस कामं टाकून सोप्यात बसतो.

एक गोष्ट लिहू की नको करत होते. लहानपणच्या त्या दिवशी वाचून झाल्यावर मी हेळव्याला विचारलं होतं, माझं नाव कुठाय? सगळे हसले, आजच्यासारखेच. आमच्या चोपडीत लेकींची नावं चढवत नाहीत. आईचंही नाही, आज्जीचंही नाही. भाचीनं मला सांगितलं की पेशीत एक छोटा डीएनए वेगळा असतो, तो फक्त आईकडून येतो. म्हणजे माझ्यात माझी आई आहे, तिची आई आहे, तिची आई आहे, आणि ही रांग कुठल्यातरी माकडिणीपर्यंत अखंड जाते, एक पान न गळता. हे ऐकून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले होते. पोरीला वाटलं कांदा.

निघताना आण्णांनी तिच्या हातावर पाचशेची नोट ठेवली. "रागावू नगंस, म्हाताऱ्याची चेष्टा," म्हणाले. मग मला हळूच विचारलं, "तिला त्यातनं गडहिंग्लजकरांचं नीट काढता येईल का गं?" खरं तर येईल, पण सगळ्या भावकीची लाळ गोळा करायला लागेल.

आण्णा फेसबुकवर नाहीत म्हणून एवढं लिहिलं. त्यांचा मुलगा आहे. वाच रे, पण त्यांना दाखवू नकोस.

बरं, दाखव. संताजीचं तेवढं मोठ्यानं वाचून दाखव, चष्म्यानंही दिसत नाही त्यांना आताशा.