घशाचं दुखणं घशातच राहतं म्हणे!

निफाडचा पारा उतरला की नाशिकच्या घराघरांत हा मेसेज फिरायला लागतो: 'घशाचं दुखणं घशातच राहतं. डॉक्टरकडे जाऊ नका, अँटिबायोटिकने किडनी जाते. हळद-मिठाच्या गुळण्या करा, हळदीचं बोट घालून टॉन्सिल दाबून फोडा.' सिडकोत राहणाऱ्या माझ्या बहिणीने यावर विसंबून नऊ वर्षांच्या पोराला तापात घरीच ठेवलं. म्हणून हे लिहितोय.

घशातच राहतं? साफ खोटं. स्ट्रेप्टोकॉकस जंतूने घसा धरला, तर तो बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांचा गुडघा सुजतो, मग घोटा, मग मनगट. घरचे म्हणतात, खेळताना लागलं असेल. हा संधिवाताचा ताप, मुख्यतः 5 ते 15 वयातला. जंतूंशी लढणारी शरीराची प्रतिकारशक्तीच हृदयावर उलटते. झडपा खराब झाल्या तर वर्षानुवर्षं दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, काहींना ऑपरेशन. आणि हे टाळता येतं, हे 1950 सालीच सिद्ध झालंय. अमेरिकेतल्या एका हवाई तळावर घसा आलेल्या सुमारे 800 जवानांना पेनिसिलिन दिलं, तेवढ्याच जणांना दिलं नाही. पहिल्या गटात हा ताप 2 जणांना आला, दुसऱ्यात 17 जणांना. दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांत औषध सुरू झालं तरी बचाव होतो. ते दिवस आपण गुळण्यांत घालवायचे?

किडनीचं तर उलटंच आहे. याच जंतूमुळे मुलांच्या किडनीला सूज येऊ शकते. चेहरा सुजतो, लघवी चहासारखी होते.

बोटाने टॉन्सिल फोडणं हा शुद्ध अघोरीपणा. टॉन्सिलमागे पू झाला तर ईएनटी डॉक्टर तो सुईने किंवा चीर देऊन काढतात. घरी दाबून फुटला तर श्वासनलिकेत उतरू शकतो. क्वचित घशातल्या जंतूंमुळे मानेच्या शिरेत गुठळी होते आणि संसर्ग फुप्फुसात पोहोचतो. लेमिएर या फ्रेंच डॉक्टरांनी 1936 सालीच त्यावर लिहिलं होतं.

एक मान्य करतो, बहुतेक घसेदुखी विषाणूंची असते, आठवड्यात आपोआप जाते आणि तिला अँटिबायोटिक लागतच नाही. मिठाच्या गुळण्यांनी बरंही वाटतं. पण हा घसा कुठला, हे ग्रुपवरचे काका ठरवणार नाहीत. डॉक्टर तपासून ठरवतील. आणि तोंड उघडत नसेल, लाळ गळत असेल, मान एका बाजूने सुजली असेल किंवा श्वासाला आवाज येत असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल गाठा.