आधी नाली, मग प्लॉट

ऑकलंडला आमच्या मागच्या अंगणात एक माणूस खड्ड्याशेजारी उकिडवा बसला होता. एका हातात टेप, दुसऱ्यात मोबाइल. खड्डा पाण्याने भरलेला, आणि पाणी किती मिनिटांत किती उतरलं ते तो वहीत टिपत होता. आमच्या ९०० चौरस मीटर जागेचे दोन तुकडे करायचे होते. मागच्या तुकड्यावरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरेल की शेजाऱ्याकडे जाईल, एवढंच त्याला बघायचं होतं. त्याच संध्याकाळी इंदूरहून दादाचा फोन. "खंडवा रोडवाली जमीन पडून आहे. कॉलनी काटून टाकू. चाळीस प्लॉट आरामात निघतात."

तेजाजी नगरच्या पुढे आमची सव्वादोन बिघे जमीन आहे. आजोबांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. आमच्याकडे हेक्टरला चार बिघे धरतात, म्हणजे तशी चिमूटभरच. पण आता शहर तिथवर आलंय आणि दर आठवड्याला कोणी ना कोणी दादाच्या दारात उभा असतो.

"परवानग्या?" मी विचारलं. "डायवर्शन ऑनलाइन होतं आता, दोन दिवसांचं काम."

इथेच गोम आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर मध्य प्रदेशात डायवर्शन खरंच सोपं झालं. विकास आराखड्याशी जुळणारा वापर असेल तर मालक स्वतः हिशेब करून पैसे भरतो, सूचना देतो, झालं. पण डायवर्शन म्हणजे फक्त महसुलाचा आकार शेतीचा होता तो राहण्याचा झाला. रस्ता किती रुंद, बाग कुठे, ड्रेनेज कुठे जाणार, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. त्यासाठी टीएनसीचा, म्हणजे नगर नियोजन खात्याचा नक्शा, कॉलनायझरची (कॉलनी काटणाऱ्याची) नोंदणी, विकासाची परवानगी, आणि चाळीस प्लॉट म्हणजे रेरा, घर-प्लॉट विकणाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या कायद्याखालची नोंदणी. काम पुरं होईपर्यंत काही प्लॉट बंधक, म्हणजे गहाण ठेवायचे ते निराळंच. विकणारा मात्र 'डायवर्टेड प्लॉट' असं ठासून सांगतो आणि घेणाऱ्याला वाटतं, सगळं पक्कं आहे.

त्यावर आमच्या इंदूरची खास चीज म्हणजे डायरी. नक्शा पास व्हायच्या आधीच प्लॉट विकायचा, पैसे रोख, पावती म्हणून डायरीचं एक पान. ते पान पुढे दुसऱ्याला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला. माझ्या आतेभावाकडे असं एक पान अजून कपाटात आहे. प्लॉट नंबर सत्तावीस. जागेवर गेलं तर सोयाबीन.

इथे ऑकलंडमध्ये काय होतं ते सांगतो. न्यूझीलंडच्या १९९१ च्या कायद्याखाली आधी तुकडे करण्याची संमती घ्यायची. मग सर्व्हेअर मोजणी करून खुंट्या ठोकतो आणि कौन्सिल त्या नकाशावर शिक्का मारते, ते कलम २२३. पण खरा नाका पुढे आहे, २२४-सी. सांडपाण्याची लाइन घातली का, पाण्याची जोडणी दिली का, गाडी वळायला जागा केली का, हे सगळं बघून कौन्सिल हा दाखला देते, आणि तो मिळाल्याशिवाय नव्या तुकड्याच्या मालकीचा कागदच निघत नाही. प्लॉट अजून जन्मालाच आलेला नसतो. आमच्या नळीत कॅमेरा फिरवून व्हिडिओ द्यावा लागला. एका सांध्यात माती दिसली म्हणून पुन्हा खणलं. बायको म्हणाली, आपल्या लग्नाचं शूटिंगसुद्धा कुणी इतक्या बारकाईने बघितलं नसेल.

हे मी दादाला मोठ्या उत्साहाने ऐकवलं. तो म्हणाला, "तुला तिथे दोन प्लॉट करायला वर्ष लागलं. इथे लोकांना पावसाळ्याआधी छप्पर पाहिजे."

त्याचं म्हणणं खोटं नाही, आणि मी ते बरेच दिवस टाळत होतो. इथल्या या काटेकोरपणाची किंमत आहे. सर्व्हेअर, इंजिनिअर, नळ्या, वर कौन्सिलचं विकास योगदान, हे सगळं शेवटी प्लॉटच्या भावात जातं. माझ्या ऑफिसातली तरुण मुलं ऑकलंडमध्ये घर घेण्याची गोष्ट काढली की हसतात. २०१६ च्या आराखड्याने शहरात दाट बांधायला वाव दिला, तेव्हा विरोधाला उभे राहिले ते बहुतेक आधीच घर असलेले. नियम ज्यांच्या हातात, जमीनही त्यांचीच, हे काही फक्त इंदूरचं नाही.

आणि अवैध कॉलनीत राहतं कोण? रिक्षावाला, शिलाई करणारी बाई, पीथमपूरला पाळीवर जाणारा मजूर. सुदामा नगर अवैधच वाढलं, आणि आज तिथे आमचेच निम्मे नातेवाईक आहेत. म्हणून दर निवडणुकीआधी 'अवैध ते वैध'ची घोषणा होते. २०१८ मध्ये मोठ्या थाटात झाली, २०१९ मध्ये हायकोर्टाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने तो नियमच रद्द केला, मग २०२१ मध्ये कायदा बदलून पुन्हा रस्ता काढला. राहणाऱ्यांना वैध करा, माझी हरकत नाही. माझा राग आहे तो काटणाऱ्यावर. तो पैसे घेऊन केव्हाच निघून गेलेला असतो, आणि नाली येते ती महापालिकेच्या, म्हणजे वेळेवर टॅक्स भरणाऱ्यांच्या पैशांतून.

पण दादासारख्या माणसाने करावं काय? सगळी प्रक्रिया पन्नास बिघेवाल्या बिल्डरच्या मापाची आहे. सव्वादोन बिघेवाल्यासमोर दोनच वाटा: बिल्डरला शेतीच्या भावात द्या, नाहीतर डायरी. सरकारने छोट्या मालकाला छापील नमुना नक्शा द्यावा, चार शेजाऱ्यांना मिळून एकच रस्ता आणि एकच ड्रेनेज लाइन टाकू द्यावी, आणि त्या बदल्यात पाइप जमिनीत गेल्याशिवाय रजिस्ट्री होणार नाही असं ठणकावून सांगावं. इथला नाका उचलून न्या, इथला खर्च नको.

माझ्यापुरतं सांगायचं तर वारशाने आलेली शेतजमीन परदेशात राहून मी ठेवू शकतो. दादाचा हिस्सा विकत घेऊन भांडण मिटवू शकत नाही, फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, आड येतो. राहिलं मुखत्यारपत्र. मी लिहिलं, "नक्शा आणि परवानग्यांसाठी सही करून पाठवतो. विक्रीचा अधिकार लाइन टाकल्यावर. आणि कागद पोचल्यापासून तीन महिन्यांत तिथे स्टॅम्प भर."

दोन दिवस नुसत्या निळ्या टिका. तिसऱ्या दिवशी फोटो आला: विहिरीच्या काठावर चुन्याची रेघ. खाली लिहिलं होतं, "पटवारी येऊन गेला. रस्ता आजोबांच्या विहिरीवरून जातोय. बाग इकडे सरकवता येते का, नक्शावाल्याला विचारतो."