कालिदासाच्या नावावर कण्हेरीचा काढा पाजू नका

"कालिदासापासून ज्ञानोबांपर्यंत सगळ्यांनी गौरवलेली अंगणातली फुलं, आजच काढा सुरू करा" हा फॉरवर्ड आमच्या सिडकोतल्या मावशीच्या भजनी ग्रुपवर आला आणि मावशीने मला सोसायटीच्या कुंपणावरची कण्हेर तोडून आणायला सांगितली, म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या गोष्टींना मी उत्तर देत नाही.

आधी तेच. "कण्हेरीच्या पाना-फुलांचा काढा हृदयाला बळ देतो." अहो, कण्हेर विषारी आहे! पान, फूल, बी, सगळं. वाळवलं, उकळलं तरी विष जात नाही. आयुर्वेदातच करवीर, म्हणजे हीच कण्हेर, उपविषात म्हणजे दुय्यम विषांत मोजलाय, धोतरा आणि गुंजेच्या रांगेत, आणि शोधन, म्हणजे विष उतरवायची प्रक्रिया, केल्याशिवाय वापरत नाहीत. आता खरं तेवढं मान्य करतो, कण्हेरीतली द्रव्यं हृदयावर काम करतात, डिगॉक्सिन नावाच्या औषधासारखीच, पण डिगॉक्सिनची गोळी मोजून देतात आणि तरी डॉक्टर लक्ष ठेवतात, तुमच्या पातेल्यात किती उतरलं ते कोण मोजणार? उलट्या, चक्कर, मग ठोके मंद आणि अनियमित. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, तीही तसलीच, श्रीलंकेत तिच्या बियांच्या विषबाधेचे इतके पेशंट यायचे की उताऱ्याची तिथे चाचणी झाली, २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. कुणी प्यायलंच असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, झाडाची फांदी सोबत घ्या आणि सरळ सिव्हिल गाठा.

आता कालिदास. तात्यासाहेबांनी, म्हणजे आपल्या कुसुमाग्रजांनी, मेघदूत मराठीत आणलंय, ते तरी उघडा. उत्तरमेघात, म्हणजे त्याच्या दुसऱ्या भागात, यक्षांच्या अलका नगरीतल्या बायकांच्या अंगावर कमळ, कुंद, लोध्र, कुरबक, शिरीष, कदंब आहेत. नटायला! काढ्याला नाही. त्यात कण्हेर नाही आणि झेंडूही नाही.

झेंडू म्हणे सीतामाईने पंचवटीत लावला. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आला. दसऱ्याला तोरण खुशाल लावा, गणेशवाडीच्या बाजारात भाव करून घ्या, पण रामायणात घुसवू नका.

"खरा पारिजातक जगात एकच, बाराबंकीला." उत्तर प्रदेशातलं ते झाड म्हणजे गोरखचिंच आहे, आफ्रिकेतली. सत्यभामा-रुक्मिणीच्या गोष्टीतला म्हणून आपण ज्याला ओळखतो तो प्राजक्त, रात्री फुलून पहाटे सडा टाकणारा, अर्ध्या नाशिकच्या अंगणात आहे.

आणि मोगऱ्याच्या काढ्याला "मोगरा फुलला"चा दाखला? त्या अभंगात रोपाचा वेल गगनावर गेलाय हो, पातेल्यात नाही.