हार्ट अटॅकपासून केस गळण्यापर्यंत सगळं एकाच जंतूमुळे? नाही हो

फॅमिली ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आलाय, की हार्ट अटॅक, मायग्रेन, केस गळणं सगळ्याचं मूळ पोटातला एच. पायलोरी नावाचा जंतू, रक्त तपासा आणि पॉझिटिव्ह आलं तर २१ दिवस कच्च्या कोबीचा रस घ्या, अँटिबायोटिक नको. मावशीने रस सुरूपण केला म्हणून लिहितोय.

'सगळ्याचं मूळ' हे आधी. आपल्याकडे निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात हा जंतू असतो, बहुतेकांना लहानपणीच लागलेला, आणि बऱ्याच जणांना आयुष्यभर काही होत नाही. मग मायग्रेनवाले दहा जण तपासले तर पाच-सहा जणांत सापडणारच ना, त्यावरून डोकं त्याच्यामुळेच दुखतं असं कसं म्हणणार? हार्टचंही तेच, जंतू मारल्याने अटॅक टळतो हे सिद्ध झालेलं नाही.

पण पोटाबाहेर तो खरंच जे करतो ते मेसेजमध्ये नाहीच, याचा मला जास्त राग येतो. जठराला वर्षानुवर्षं सूज राहिली की ॲसिड कमी होऊ शकतं, मग जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही, अल्सर असेल तर थोडं थोडं रक्तही जातं. बी१२ चंही तसंच, फक्त आपल्याकडे शाकाहारी घरांत ते आहारामुळेच कमी असतं हे विसरू नका. आणि आयटीपी म्हणून आजार आहे, ज्यात प्लेटलेट कमी होतात, त्यात काही पेशंटच्या प्लेटलेट जंतू मारल्यावर वाढतात. लोह कमी असल्याने झालेला, पण कारण सापडत नसलेला ॲनिमिया असेल तर ही तपासणी करा असं गाइडलाइन्समध्येच आहे. मावशीचं हिमोग्लोबिन दोन वर्षं लोहाच्या गोळ्या खाऊन ९ च्या वर जात नाही, आणि साठीतल्या बाईचं रक्त कुठून जातंय हे तर दुर्बिणीनेही बघायला हवं, रस कसला पिताय!

रक्ताची टेस्ट म्हणाल तर जंतू गेल्यावरही अँटिबॉडी बराच काळ राहतात, त्यामुळे तो आत्ता आहे का हे त्यातून नक्की कळत नाही. त्यासाठी श्वासाची नाहीतर शौचाची टेस्ट.

कोबीच्या रसाने हा जंतू मुळापासून जातो याला पुरावा नाही. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात डॉक्टर बॅरी मार्शल यांनी हा जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली, २००५ चं नोबेल त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना मिळालं, आणि अल्सर अँटिबायोटिकने बरा व्हायला लागला तो याच शोधामुळे. कोर्स साधारण १४ दिवसांचा, मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, आणि संपल्यावर निदान ४ आठवड्यांनी परत टेस्ट.

मावशी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल, म्हणजे ॲसिड कमी करणारी गोळी, घेते हे काल फोनवर कळलं. ती गोळी चालू असली की श्वासाची टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारून २ आठवडे बंद ठेवायची आणि मग टेस्ट, तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवलीये.