आईने त्या आवाजाला पाण्याचं गाऱ्हाणं सांगितलं

जानेवारी 2026. महापालिकेच्या मतदानाला आठवडा उरला होता. दुपारी मी मेथी निवडत बसले होते आणि आईचा मोबाइल वाजला. आमच्या चार नगरसेवकांच्या प्रभागातल्या एका उमेदवाराचा आवाज. आईचं नाव घेऊन ‘नमस्कार काकू’ म्हणाला, तब्येत विचारली आणि थांबला.

आई 74 वर्षांची. ठाण्यातल्या कोपरीत सगळा जन्म गेला, पण उमेदवाराने स्वतः फोन केला असं तिच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं. ती उठून भिंतीवरच्या कालनिर्णयपाशी गेली. पाण्याच्या वेळा ती त्याच्या मागे लिहून ठेवते. पाणी पहाटे साडेपाचला येतं, वीस मिनिटांत जातं, तिसऱ्या मजल्यावर चढतच नाही, असं वाचून दाखवायला लागली. तिचं वाक्य अर्धवट असतानाच पलीकडून आलं, ‘नक्की ना काकू? चारही मतं आपल्या पॅनेललाच.’ आई गप्प झाली. म्हणाली, ‘घाईत असतील गं.’

स्पीकर चालू होता, म्हणून मला कळलं. आईच्या नावापाशी आवाज जरासा अडखळत होता, बाकी सगळं गुळगुळीत. एआयने बनवलेला फोन होता. संध्याकाळी गल्लीतल्या कार्यकर्त्याला विचारलं, तर म्हणाला, ‘ताई, आता सगळेच करतात.’

मला याचा संताप येतो. प्रचार जरूर करा. तंत्रज्ञानही वापरा. डिसेंबर 2023 मध्ये वाराणसीत पंतप्रधानांचं हिंदी भाषण एआयच्या मदतीने तमिळमध्ये ऐकवलं गेलं, त्याला माझा काडीचाही विरोध नाही. कोण बोलतंय आणि यंत्र काय करतंय, हे ऐकणाऱ्यांना तिथल्या तिथे सांगितलं होतं. आईला कुणी काय सांगितलं?

केंद्रीय निवडणूक आयोगाने ऑक्टोबर 2025 मध्ये पक्षांना बजावलं की एआयचा मजकूर असेल तर तसं लिहा, चित्रात किमान 10 टक्के जागेत, आणि ऑडिओ असेल तर सुरुवातीच्या 10 टक्के वेळात सांगा. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, हे मला ठाऊक आहे. पण मतदाराचा कान तोच असतो.

आणि गेलेल्या माणसांचं काय? एप्रिल 2025 मध्ये उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेच्या नाशिकच्या शिबिरात बाळासाहेब ठाकरेंच्या आवाजात एआयचं भाषण ऐकवलं. बाळासाहेब 2012 मध्ये गेले. आजच्या राजकारणावरची वाक्यं त्यांच्या तोंडी घालायचा अधिकार कुणालाच नाही, अगदी घरच्यांनाही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ठाण्यात हे फार जपून बोलावं लागतं. इथले शिवसेना नेते आनंद दिघे साहेब 2001 मध्ये गेले, तरी टेंभी नाक्यावरून जाताना आजही माणसं चप्पल काढून हात जोडतात. उद्या त्यांचा आवाज एखाद्या पॅनेलसाठी मतं मागायला लागला, तर माझी आई ‘नाही’ कशी म्हणेल?

म्हणून पुढच्या वेळी मत मागायला जे दारात येतील, त्या प्रत्येकाला मी एकच विचारणार आहे. फोनवरचं तुमचं पहिलं वाक्य ‘हा यंत्राचा आवाज आहे’ असं असेल का? ‘नमस्कार काकू’च्याही आधी.

आईला मी अजून खरं सांगितलेलं नाही. काल पाणी आलं नाही, तेव्हा म्हणाली, ‘त्यांनी लिहून तर घेतलं असेल ना?’