विज्ञानाशी छत्तीसचा आकडा

व्हॉट्सॲपवर एक दावा अधूनमधून डोकं वर काढतो. शास्त्रज्ञांचे प्रयोग पुन्हा करून पाहिले तर निम्म्याहून जास्त खोटे निघाले, हे त्यांनीच कबूल केलंय. तेव्हा संशोधनाचे दाखले पुरेत, आजीचा बटवाच बरा. आकडा हवेतला नाही, म्हणूनच हा दावा लोकांच्या गळी सहज उतरतो.

हा आकडा आला 2015 साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात छापलेल्या एका अभ्यासातून. मानसशास्त्रज्ञ ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने शेकडो संशोधकांनी मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा केले. मुळात त्यांतल्या 97 अभ्यासांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न दिसणारा, परिणाम दिसला होता. फेरतपासणीत तो 36 टक्के अभ्यासांतच दिसला. हे 100 अभ्यास तीन नियतकालिकांतले, 2008 सालचे. त्यात ना लस होती, ना भूकंपशास्त्र. शिवाय आकलनाच्या मानसशास्त्रातले निम्मे निष्कर्ष टिकले, सामाजिक मानसशास्त्रातले जेमतेम पाव. एकाच विषयात इतकी तफावत असताना त्यावरून सगळ्याच विज्ञानाचा निकाल लावायचा कसा?

आता दाव्यातला ‘खोटे’ हा शब्द. फेरप्रयोग फसला म्हणजे पहिल्याने थाप मारली, असं होत नाही. पहिला निकाल योगायोगाचा असेल, दुसऱ्या वेळी प्रयोगात भाग घेणारी माणसं कमी पडली असतील, परिस्थिती बदलली असेल. मात्र फेरतपासणीत परिणाम सरासरीने मूळच्या निम्माच भरला, म्हणजे मूळ निकाल फुगलेले होते, हे मान्य करायलाच हवं. थापाही मारल्या जातात: नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ डिडेरिक स्टापेल यांनी आकडेच रचले होते, 2011 मध्ये ते उघड झालं.

दाव्याबरोबर संशोधक जॉन योआनिडिस यांच्या 2005 मधल्या लेखाचं नावही फिरतं: प्रसिद्ध झालेले बहुतेक निष्कर्ष खोटे का असतात. फिरवणारे शीर्षकाच्या पुढे गेलेले दिसत नाहीत. योआनिडिस यांनी निबंध मोजले नव्हते, गणित मांडलं होतं: नमुना लहान (म्हणजे तपासलेली माणसं थोडी), विश्लेषणात मोकळीक आणि गृहीतक कच्चं असेल तर चुकण्याची शक्यता किती.

मला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं ते हृदयरोगाचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेच्या पैशावर झालेल्या मोठ्या चाचण्या रॉबर्ट कॅप्लन आणि व्हेरोनिका अर्विन यांनी तपासल्या. 2000 पूर्वीच्या 30 पैकी 17 चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता. नंतरच्या 25 पैकी फक्त 2 मध्ये. औषधं एकाएकी बिघडली का? तर नाही. काय मोजणार हे चाचणीआधीच जाहीर नोंदवण्याची पद्धत याच सुमारास आली. निवडणुकीचा निकाल लागल्यावर ‘मी म्हणालोच होतो’ म्हणणारे प्रत्येक कट्ट्यावर असतात. आधी कागदावर लिहून द्या म्हटलं की गप्प होतात. सगळं श्रेय नोंदणीचं नसेलही, पण ही घसरण पडझडीची नव्हे, सुधारणेची खूण आहे. आणि ती घडवणारे संशोधकच होते. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी एकही चूक शोधलेली नाही.

राहिला आजीचा बटवा. तपासलेल्यांपैकी काही दावे पडले म्हणून न तपासलेले आपोआप उभे राहत नाहीत. भारतात सीटीआरआय ही चाचण्यांची नोंदवही 2007 पासून आहे, आणि 2009 मध्ये औषध महानियंत्रकांनी औषध चाचण्यांची नोंद सक्तीची केली. त्या नोंदवहीत आयुर्वेदिक औषधांच्या चाचण्याही सापडतात, आणि त्या कोणालाही फुकट बघता येतात.